विंचवाचं बिऱ्हाड, चोवीस ट्रॅकचं

स्टुडिओतलं काम आटोपलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. तबलजी हाताची पावडर झटकून तबला पिशवीत घालत होते, गायिकेची रिक्षा खाली येऊन थांबली होती. उरलेलं संपादन घरी लॅपटॉपवर करावं म्हणून मी घाईघाईनं पेन ड्राइव्ह लावला, गाण्याच्या नावाची फाइल त्यावर ओढली आणि जिना उतरलो. कॉपी व्हायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नव्हता. शंका तिथेच यायला हवी होती. घरी फाइल उघडली तर चोवीस ट्रॅक आपापल्या नावांनिशी हजर. तबला, डग्गा, हार्मोनियम, व्हायोलिन, मुख्य गायन. कुठे कापलंय, कुठे जोडलंय, कुणाचा आवाज किती ठेवलाय, सगळ्या खुणा जागच्या जागी. नव्हता तो फक्त आवाज. पेन ड्राइव्हवर आली होती दीड एमबीची फाइल, आणि सहा जीबीचं गाणं स्टुडिओतल्या डिस्कवर निवांत झोपलं होतं. लग्नपत्रिका घेऊन मी मांडवात पोचलो होतो, वऱ्हाड मागेच राहिलं होतं.

चूक नवशिक्याची होती, पण तिच्यामागचा गैरसमज मुरलेल्या मंडळींतही सापडतो. आज बरंचसं संगीत एका छताखाली तयार होत नाही. चाल घरी लॅपटॉपवर बांधली जाते, गायन-वादन स्टुडिओत होतं, संपादन पुन्हा घरी आणि मिक्सिंग तिसऱ्याच खोलीत. गाणं असं फिरत राहतं, आणि प्रत्येक फेरीत काही ना काही सांडतं. काय सांडतं, का सांडतं आणि न सांडता नेण्याच्या वाटा कोणत्या, याचा हा आढावा. तो घेताना माझ्या हाती एक गोष्ट लागली ती आधीच सांगून टाकतो. हलवाहलवीत मोडतं ते बहुतेक वेळा आपण ठरवायचं टाळलेलं असतं. ठरलेला आवाज कुठेही जातो. ‘बघू नंतर’ म्हणून ठेवलेला आवाज पहिल्याच फाटकात अडतो.

स्पूलचे दिवस

१९७० आणि ८०च्या दशकांत मोठ्या स्टुडिओत गाणं दोन इंच रुंदीच्या टेपवर चोवीस ट्रॅकमध्ये उतरायचं. अडीच हजार फुटांचं स्पूल सेकंदाला तीस इंच या वेगानं फिरवलं की सोळा मिनिटं चाळीस सेकंदांत संपायचं. ते जड होतं, महाग होतं आणि कापायचं तर ब्लेड हातात घ्यावं लागे. पण एक सुख होतं. गाणं म्हणून जे काही होतं ते त्या स्पूलवर होतं. दुसऱ्या शहरात त्याच जातीचं यंत्र असलं की गाणं वाजायचं. टेपच्या तोंडाशी ठरावीक कंप्रतेचे सूर मुद्रित केलेले असत. तिकडचा इंजिनिअर त्यांवर आपलं यंत्र जुळवून घेई. डब्यात ट्रॅक शीट असे: सातव्यावर व्हायोलिन, बाराव्यावर कोरस. नेता न येणारी गोष्ट मुख्यतः एकच, मिक्सिंग डेस्कवरच्या बटणांच्या जागा. त्या कागदावर उतरवून घ्यायच्या, नाहीतर विसरायच्या.

त्या काळात गाण्याला स्टुडिओबाहेर नेण्यापेक्षा स्टुडिओच चाकांवर चढवणं सोपं होतं. रोलिंग स्टोन्सनी १९६८ च्या सुमारास ट्रकमध्ये स्टुडिओ थाटला, आणि डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पलनं ‘मशीन हेड’ हा अल्बम स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोमध्ये ध्वनिमुद्रित केला तो याच ट्रकवर.

१९९२ मध्ये अलेसिस कंपनीचा एडॅट बाजारात आला. व्हीसीआरसारखं दिसणारं हे यंत्र एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक मुद्रित करायचं. घरी आठ ट्रॅक भरायचे आणि कॅसेट खिशात टाकून मोठ्या स्टुडिओत जायचं. घर आणि स्टुडिओ यांच्यातली खरी ये-जा इथे सुरू झाली, आणि ती सोपी होती, कारण कॅसेटवर अजूनही फक्त आवाज होता.

गुंता सुरू झाला तो संगणक शिरल्यावर. १९९१ चं प्रो टूल्स चार ट्रॅकचं होतं आणि त्याला मॅकमध्ये खास कार्ड बसवावी लागत. १९९६ मध्ये स्टाइनबर्गनं ‘क्यूबेस व्हीएसटी’ आणलं आणि प्रतिध्वनी, इक्वलायझर यांसारखे परिणाम बाहेरच्या पेटीतून संगणकाच्या आत आले. १९९९ मध्ये वाद्यंही आत आली. माझ्या मते या विषयातला निर्णायक क्षण तोच. त्याआधी फाइलमध्ये वाजलेला आवाज असायचा. त्यानंतर ‘हा आवाज कसा तयार करायचा’ याची सूचना असू लागली. ताटात पदार्थ वाढण्याऐवजी कृती लिहिलेला कागद ठेवावा तसं. ज्याच्या घरी तेच मसाले, त्याच्याच घरी तो पदार्थ.

गाण्याच्या पोटात काय काय असतं

आजचं एक सेशन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला गाण्याचा अख्खा प्रकल्प, उघडून पाहिलं तर त्यात चार थर दिसतात. पहिला, ध्वनिमुद्रित फाइली. बहुधा वेव्ह स्वरूपातल्या. दुसरा, सेशनची फाइल. म्हणजे कोणती फाइल कुठे सुरू होते, कुठे कापली, आवाज किती, याची वही. तिसरा, प्लगइन, म्हणजे संगणकाच्या आत आलेले ते परिणाम, आणि सॉफ्टवेअरमधली वाद्यं. ती सेशनमध्ये नसतात, संगणकात बसवलेली असतात, सेशनमध्ये फक्त त्यांची नावं आणि बटणांच्या जागा असतात. चौथा थर भोवतालचा: ऑडिओ इंटरफेस, त्याचा ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टीम, परवाने.

पहिला थर सर्वांत जड आणि सर्वांत आज्ञाधारक. हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६४ एमबी जागा खातो. पाच मिनिटांचं चोवीस ट्रॅकचं गाणं म्हणजे साधारण एक जीबी. त्यात गायिकेचे, तबल्याचे आणि बाकी वाद्यांचेही सहा-सहा टेक, टाकून दिलेला मुखडा असं धरलं की सहा जीबी सहज होतात. वेव्ह हे स्वरूप १९९१ चं. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमनं ठरवलेलं. आत आकड्यांची सरळ रांग आणि वर छोटीशी चिठ्ठी, इतकाच त्याचा संसार. म्हणूनच ते कुठेही उघडतं. १९९७ मध्ये युरोपीय प्रसारण संघानं त्यात काळाची नोंद टाकून ब्रॉडकास्ट वेव्ह बनवलं. फाइल सेशनपासून तुटली तरी ती मुळात कोणत्या सेकंदाला सुरू होत होती हे तिच्याच पोटात लिहिलेलं राहतं.

दुसरा थर हलका, आणि माझ्या पेन ड्राइव्हवर आलेला तोच. तिसरा आणि चौथा थर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तेच विसरले जातात.

पत्ता चुकतो तेव्हा

सर्वांत वारंवार होणारा घोळ म्हणजे ‘फाइल सापडत नाही’. रीपर या सॉफ्टवेअरची सेशन फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते, त्यामुळे हा घोळ डोळ्यांनी बघता येतो. ऑडिओ फाइल सेशनच्याच फोल्डरात असेल तर वहीत तिचं नाव एवढंच लिहिलेलं असतं. जणू ‘शेजारच्या खोलीत’. पण तालाचा एखादा तुकडा तुम्ही डाउनलोडच्या फोल्डरातून थेट ओढून आणला असेल, तर तिथे पूर्ण पत्ता येतो: डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, तमुक फाइल. लॅपटॉपला डी ड्राइव्हच नसतो. बाह्य डिस्क इथे ई म्हणून उभी राहते, तिथे एफ म्हणून. पोस्टमन दारोदार फिरून परत येतो.

यावर प्रत्येक सॉफ्टवेअरनं उतारा दिलेला आहे, नावं तेवढी वेगळी. अ‍ॅबल्टन लाइव्हमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, क्यूबेसमध्ये ‘बॅकअप प्रोजेक्ट’, प्रो टूल्समध्ये ‘सेव्ह कॉपी इन’, लॉजिकमध्ये ‘कन्सॉलिडेट’. रीपरमध्ये नव्या नावानं सेव्ह करताना सगळ्या फाइली सोबत कॉपी करण्याची चौकट. अर्थ एकच, विखुरलेली सगळी मंडळी एका छताखाली आणा. लॉजिकची गंमत निराळी आहे. मॅकवर त्याचा प्रकल्प एका फाइलसारखा दिसू शकतो, पण आतून ते अख्खं फोल्डर असतं. ते तसंच दुसरीकडे पाठवताना वाटेत तुकडे होऊ शकतात, म्हणून आधी झिप करून एक गाठोडं बांधणं शहाणपणाचं.

डिस्कच्या जातीही आडव्या येतात. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरून मॅक वाचतो, पण आपण होऊन तीवर लिहीत नाही. जुन्या फॅट ३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि साध्या वेव्हची मर्यादाही तेवढीच. मैफलीचं सलग स्टीरिओ ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला करत असाल तर दोन तास चार मिनिटांच्या आसपास ही भिंत येते. म्हणजे भैरवी ऐन रंगात असताना. दोन्हीकडे चालणारी डिस्क हवी तर ती एक्सफॅट करून घ्यावी.

आणि एक खास मराठी खोड. फाइलींना देवनागरी नावं द्यायची हौस मलाही आहे. पण ‘बिऱ्हाड’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ अधिक खालचा नुक्ता म्हणून. २०१७ पर्यंत मॅकमध्ये चालत आलेली फाइल-व्यवस्था नावातली अशी अक्षरं फोडून ठेवायची. पडद्यावर नाव तेच दिसतं, विंडोजच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं ठरू शकतात. नावातलं प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं तर विंडोजला मुळीच खपत नाहीत. तेव्हा कवितेच्या ओळी वहीत ठेवाव्यात आणि फाइलीचं नाव रोमन अक्षरांत, आकडे आणि तारीख घालून, रुक्ष ठेवावं.

वाद्य मागे राहतं

आवाजाच्या फाइली नीट पोचल्या तरी गाणं ओळखू येईलच असं नाही. स्टुडिओत ज्या बासरीवर सगळे खूश होते ती सॉफ्टवेअरमधली होती. लॅपटॉपवर ती लायब्ररी नाही. मग ट्रॅकवर रंगीत ठिपके दिसतात, सुरांच्या जागा दिसतात, ऐकू काहीच येत नाही. ही मिडीची माहिती. मिडी १९८३ मध्ये आलं ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या कळफलकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढंच ते सांगतं. ते नोटेशन आहे, वादन नव्हे. मोठ्या वाद्यवृंदाच्या लायब्रऱ्या शेकडो जीबींच्या असतात. लॅपटॉपच्या पोटात त्या मावतीलच असं नाही.

परवान्यांचं प्रकरण त्याहून चिवट. कित्येक वर्षं महागडी सॉफ्टवेअर यूएसबीच्या छोट्या किल्लीवर, म्हणजे डॉंगलवर चालली. डॉंगल स्टुडिओच्या संगणकाला मागून लावलेला आणि तुम्ही लॅपटॉप घेऊन गावाला, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. २०२२ मध्ये क्यूबेस १२ पासून स्टाइनबर्गनं डॉंगलची सक्ती काढली. आयलॉक या दुसऱ्या डॉंगलवरचा परवाना आता संगणकावर किंवा क्लाउडवरही ठेवता येतो, पण क्लाउडवरच्या परवान्याला इंटरनेट चालू लागतं. कोकण रेल्वेच्या बोगद्यात मिक्सिंग करायचं असेल तर हे आधीच लक्षात ठेवावं.

शिवाय काळ बदलतो तशा जाती बदलतात. एयू जातीचे प्लगइन फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालतात, एएएक्स हे प्रो टूल्सच्या घरचे. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनानं ३२ बिटची सॉफ्टवेअर एका झटक्यात बंद केली. २०२० मध्ये अ‍ॅपलनं स्वतःच्या चिपचे संगणक आणले तेव्हा जुने प्लगइन दुभाष्यामार्फत चालवावे लागले. २००२ मध्ये अ‍ॅपलनं लॉजिकची मालक कंपनी इमॅजिक विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. विंडोजवर लॉजिक वापरणाऱ्यांपुढे रातोरात यंत्र बदलण्याचा किंवा सॉफ्टवेअर बदलण्याचा प्रश्न उभा राहिला. आणि आवृत्तीचा नियम सगळीकडे सारखाच: जुन्याचं नव्यात उघडतं, नव्याचं जुन्यात सहसा नाही. दोन्ही यंत्रांवर एकच आवृत्ती ठेवणं आणि गाणं अर्ध्यात असताना एकाही यंत्रावर अपडेट न करणं, हे पथ्य कंटाळवाणं आहे पण औषधापेक्षा स्वस्त.

यावर उतारा आहे तो फ्रीझ किंवा रेंडरचा. बासरीचा ट्रॅक जसा वाजतोय तसा वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्यायचा. मिडी शेजारी बंद करून ठेवायची, वाटलं तर पुन्हा उघडता येते. पण इथेच संगीतकाराचा हात अडखळतो. ‘अजून बासरी बदलावीशी वाटली तर?’ म्हणून तो ट्रॅक तसाच ‘जिवंत’ राहतो. स्पूलच्या काळात ही चैन नव्हती. बासरीवादक वाजवून घरी गेला की बासरी ठरली. आज काहीच न ठरवता शेवटपर्यंत जाता येतं, आणि त्याची किंमत गाणं हलवताना मोजावी लागते.

दीड पट्टी चढलेली गायिका

काही बिघाड असे की काहीच मोडलेलं दिसत नाही. स्टुडिओत गाणं ४४.१ किलोहर्ट्झला मुद्रित झालं. लॅपटॉपचा इंटरफेस चित्रपटाच्या कामासाठी ४८ वर ठेवलेला. सॉफ्टवेअरनं रूपांतर न करता ते तसंच वाजवलं तर काय होतं? गाणं ८.८ टक्के वेगानं धावतं. पाच मिनिटांचं गाणं चार मिनिटं छत्तीस सेकंदांत संपतं आणि सूर, काळ्या-पांढऱ्या मिळून मोजल्या तर, जवळजवळ दीड पट्टी वर जातो. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. मी पेटी घेऊन सूर लावून पाहायला लागलो आणि कोणतीच पट्टी लागेना, तेव्हा मला हा प्रकार कळला. पट्टीच लागत नाही म्हणजे गायिकेचा दोष नाही, आकड्याचा आहे. उलट फेऱ्यात, ४८ चं गाणं ४४.१ वर वाजलं, तर ती तेवढीच खाली उतरते आणि आवाजाला आजारपण आल्यासारखं वाटतं.

इंटरफेसचाही फरक पडतो. स्टुडिओत सोळा माइक जोडता येतात, लॅपटॉपच्या पेटीत दोन. स्टुडिओत क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, गायिकेच्या हेडफोनला तिसऱ्या-चौथ्या आउटपुटवरून जायचा; इथे तिसरं आउटपुटच नाही, म्हणून क्लिक गायब. स्टुडिओत केबलनं जोडलेला खरा कंप्रेसर असेल तर तो फाइलीबरोबर येत नाही. त्याचा आवाज आधीच मुद्रित करून घ्यावा लागतो. बफरचं, म्हणजे संगणक आवाज थोडा थोडा साठवून घेतो त्या टप्प्याचं, गणितही बदलतं. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंदांचा उशीर. १०२४ चा म्हणजे २१. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, असा तो दुप्पट होतो. मिक्सिंगला मोठा बफर चालतो, पण त्यावर कुणाला गायला बसवलं तर स्वतःचाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो. ब्लूटूथचा हेडफोन तर ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेरच ठेवावा.

आपल्या संगीताची एक अडचण या सॉफ्टवेअरच्या गावीही नसते. ती सगळी मात्रांच्या चौकटीवर बांधलेली असतात. क्लिकवर बसवलेलं भावगीत त्या चौकटीत बसतं. पण आलापीपासून सुरू होऊन लय चढत जाणारा अभंग क्लिकशिवाय मुद्रित केला असेल, तर सॉफ्टवेअरनं दाखवलेला ‘सतरावा बार’ निरर्थक असतो. असं गाणं हलवताना बार सांगून उपयोग नाही. सगळ्या फाइली एकाच शून्यापासून सुरू केलेल्या हव्यात. सोबत साध्या मजकुराची एक चिठ्ठी असावी: पट्टी काळी चार, ताल भजनी, क्लिक नाही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दुसऱ्या अंतऱ्याचा तिसरा टेक घ्यायचा. स्पूलच्या डब्यातली ट्रॅक शीट ती हीच.

नेण्याच्या वाटा

पहिली वाट: गाणं बाह्य एसएसडीवरच ठेवायचं आणि डिस्कच इकडून तिकडे न्यायची. प्रत एकच राहत असल्यानं ‘नवं कुठलं’ हा वाद होत नाही, वेग चांगला मिळतो. धोकाही तोच: प्रत एकच. डिस्क लोकलमध्ये विसरली की गाणं कल्याणला. शिवाय प्लगइनचा प्रश्न सुटत नाही. दोन्ही यंत्रांवर सारखा संसार मांडावा लागतो.

दुसरी वाट क्लाउडची. ऐकायला सोयीची, पण गणित करून बघावं. अपलोडचा वेग सेकंदाला पाच मेगाबिट असेल तर एक जीबीला सुमारे सत्तावीस मिनिटं लागतात, दहा जीबीच्या सेशनला साडेचार तासांच्या आसपास. गाणं उघडं असताना मागे समक्रमण चालू राहिलं तर अर्धवट फाइल वर जाण्याची भीती. दुसरीकडे सगळं उतरायच्या आत सेशन उघडलं तर पुन्हा ‘फाइल सापडत नाही’. क्लाउड हा टपालासाठी उत्तम, राहायला नव्हे. गाणं बंद करा, गाठोडं बांधा, पाठवा, तिकडे पूर्ण उतरू द्या, मग उघडा. आकार कमी करायचा तर फ्लॅक वापरावं. २००१ पासूनचं हे स्वरूप आवाजातला एकही आकडा न गमावता फाइल बरीच लहान करतं. एमपी३ मात्र नको. गुणवत्ता हा एक भाग, पण एमपी३ बनवताना फाइलीच्या आरंभी शांततेचा एक बारीक तुकडा चिकटतो आणि तबला गाण्याच्या मागे पडतो. परगावच्या गायिकेला चाल कळावी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवणं ठीक; सेशन त्यावर बांधू नये.

तिसरी वाट सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीची. चित्रपटाच्या एडिट टेबलावरून साउंड स्टुडिओत काम जातं ते ओएमएफ किंवा एएएफ या स्वरूपांतून. तुकड्यांच्या जागा आणि आवाजाचे चढउतार त्यातून येतात, प्लगइन येत नाहीत. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी ‘डॉप्रोजेक्ट’ हे खुलं स्वरूप आणलं. ते प्लगइनच्या बटणांच्या जागाही सोबत नेतं, अर्थात तो प्लगइन पलीकडे असेल तरच. क्यूबेसनं २०२४ मध्ये ते स्वीकारलं. दिशा योग्य आहे. पण सगळ्या मोठ्या सॉफ्टवेअरांनी ते अजून घेतलेलं नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

चौथी वाट सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची: प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत वेव्ह फाइलमध्ये उतरवायचा आणि त्या फाइली पाठवायच्या. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. अशा कामात एका खंडात वाजलेले ट्रॅक दुसऱ्या खंडातल्या ट्रॅकशेजारी नेऊन बसवायचे असतात. त्यांची भाषा शेवटी आवाजाची फाइल आणि तिचा अचूक आरंभ हीच. मोनो ट्रॅक मोनोच ठेवावा. गायनाच्या दोन प्रती द्याव्यात, एक कोरी आणि एक प्रतिध्वनीसकट. सोबत तुमच्या मनातलं कच्चं मिक्स द्यावं, म्हणजे पलीकडच्याला गाणं कुठे जायचंय ते कळतं. या वाटेनं बदलायची मोकळीक कमी होते. पण ती कमी होते म्हणूनच गाणं सुखरूप पोचतं.

पाचवी एक वाट म्हणजे हलवायचंच नाही. गोरिलाझच्या डेमन अल्बार्ननं २०१० च्या अमेरिका दौऱ्यात ‘द फॉल’ हा अल्बम बहुतांशी आयपॅडवर केला. गाणं ज्या यंत्रावर जन्मलं तिथेच वाढलं. लॅपटॉप आता इतके समर्थ झाले आहेत की स्टुडिओतही तोच नेऊन मोठ्या इंटरफेसला जोडायचा, असं करणारे अनेक आहेत. मोठ्या गाण्याला आणि अनेक हातांच्या कामाला ही वाट अपुरी पडते; एकट्याच्या कामाला पुरेशी.

एका वेळी एकच चूल

तंत्र सगळं जमलं तरी एक मानवी घोळ उरतो. एका शनिवारी मी लॅपटॉपवर अंतरा दुरुस्त केला. त्याच दिवशी इंजिनिअरनं स्टुडिओतल्या प्रतीत तबला सुधारला. सोमवारी दोन गाणी होती, दोन्ही अर्धी बरोबर. मजकुराच्या फाइलीत दोन बदल शेजारी ठेवून एकत्र करता येतात. सेशनमध्ये ते हातानं, तुकडा तुकडा उचलून करावं लागतं. तो अख्खा दिवस त्यात गेला आणि गायिकेला आम्ही सांगितलं की मिक्सिंग चालू आहे.

तेव्हापासून नियम केला. एका वेळी एकाच घरी चूल पेटेल. गाणं माझ्याकडे असेल तेव्हा स्टुडिओतली प्रत हात न लावण्याची. देताना फाइलीच्या नावात तारीख आणि जागा. जुनी प्रत खोडायची नाही, आणि ‘फायनल’ हा शब्द नावात घालायचा नाही, कारण त्याच्यापुढे ‘फायनल दोन’ आणि ‘खरंच फायनल’ अटळ असतात. प्रतींसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला तीन-दोन-एकचा नियम संगीतालाही लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. घर आणि स्टुडिओ अशी ये-जा असेल तर ‘दुसरी जागा’ आयतीच मिळते. आणि पोचलेलं गाणं पोचलं असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा दुसऱ्या यंत्रावर ते उघडून, मूळ डिस्क काढून ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

लॅपटॉपच्याही पुढचा मुक्काम

मागच्या महिन्यात एका जुन्या गाण्याची मागणी आली. दहा-बारा वर्षांपूर्वीचं काम. डिस्क सापडली, फिरलीही. सेशन उघडायचं सॉफ्टवेअर आता माझ्याकडे नाही; त्यातले निम्मे प्लगइन ३२ बिटचे होते, ते कुठेच नाहीत. ऑडिओचं फोल्डर उघडलं. गायन होतं, तबला होता, हार्मोनियम होती. वेव्ह फाइली कालच मुद्रित केल्यासारख्या वाजल्या. आंतरराष्ट्रीय ध्वनी-संग्रहालयांची संघटनाही दीर्घकाळ जपण्यासाठी हाच सल्ला देते: वेव्ह, निदान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फक्त बासरी नव्हती. तिचा ट्रॅक मी ‘बघू नंतर’ म्हणून रेंडर केला नव्हता. मिडीची फाइल होती, तिच्यात प्रत्येक सुराची जागा अचूक होती, कोणता किती जोरात तेही होतं. बासरीचे सूर होते, बासरी नव्हती.

विंचू आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो म्हणतात. त्याला ते जमतं, कारण पाठीवर मावेल तेवढंच तो बिऱ्हाड म्हणतो. स्टुडिओतून लॅपटॉपवरची फेरी फार तर दहा किलोमीटरची असते, पण तिच्यात जे सांडतं तेच पुढे वर्षांच्या प्रवासातही सांडणार असतं. म्हणून ती फेरी मला आता त्रासाची वाटत नाही. पुढच्या मोठ्या प्रवासाची ती रंगीत तालीम असते. त्या जुन्या गाण्यासाठी शेवटी एका बासरीवादकाला बोलावलं. मिडीवरून नोटेशन काढून समोर ठेवलं. त्यांनी दोनदा ऐकलं, नोटेशन बाजूला सारलं आणि एका टेकमध्ये वाजवलं. ते वाजवून घरी गेले आणि बासरी ठरली.